मोटरसायकल विक्रीचे आकडे: कोण पुढे हे ठरवण्याआधी काय तपासायचं

दर महिन्याच्या एक तारखेला दुचाकी कंपन्यांची विक्रीपत्रकं येऊ लागतात आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप गटांत जुंपलेली असते. ‘होंडानं हिरोला गाठलं’, ‘टीव्हीएसनं बजाजला मागं टाकलं’, ‘हिरो सहा टक्के घसरली’, ‘कसली घसरली, विक्रम केलाय!’ यातले आकडे बहुधा खोटे नसतात. एकानं गाडी कारखान्यातून निघताना मोजलेली असते, दुसऱ्यानं पासिंग झाल्यावर. एकानं रिक्षाही धरलेल्या असतात, दुसऱ्यानं परदेशी गेलेल्या गाड्या वगळलेल्या असतात. भांडण लागतं ते मोजण्याच्या जागेवरून.

शेअर घ्यायचे आहेत, डीलरशिपचा विचार चाललाय, बातमी लिहायची आहे किंवा नुसती हौस आहे, अशा कोणत्याही कारणानं हे आकडे पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी पुढच्या पायऱ्या आहेत. एक्सेल येत असेल तर उत्तम, नाहीतर वही-पेन पुरे.

१. गाडी कुठे मोजली ते आधी विचारा

एकच गाडी तीन ठिकाणी मोजली जाते. कारखान्यात तयार झाली की उत्पादनात. डीलरच्या नावानं बिल होऊन कंटेनरमध्ये चढली की कंपनीच्या विक्रीत. याला धंद्यात डिस्पॅच किंवा होलसेल म्हणतात. आणि गिऱ्हाइकानं घेऊन तिचं पासिंग झालं की रिटेलमध्ये. कंपनीचं एक तारखेचं पत्रक आणि सियाम या उत्पादकांच्या संघटनेचे आकडे म्हणजे होलसेल. फाडा ही डीलरांची संघटना. तिचे आकडे सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीतल्या नोंदणीवरून काढलेले असतात, म्हणजे रिटेल.

डीलरला बिल झालं की कंपनीच्या लेखी गाडी विकली गेली. डीलरच्या लेखी ती आत्ता कुठे गोडाऊनला आली. महिनाअखेरीस तालुक्याच्या गावातल्या एखाद्या गोडाऊनवर गेलात तर हा फरक डोळ्यांनी दिसतो. कंटेनर मागं लावलेला, आरसे न बसवलेल्या, सीटवर प्लॅस्टिक तसंच असलेल्या गाड्या फळीवरून एकेक उतरताहेत, आणि आत आधीचा माल हँडलला हँडल लावून उभा. उधारीवर उचललेल्या मालावर डीलरचं व्याज चालू असतं. कंपनीच्या पत्रकात मात्र त्या सगळ्या विकलेल्या. टार्गेट गाठायला महिनाअखेरीस माल ढकलला जातो, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे.

म्हणून होलसेलची तुलना होलसेलशीच करायची, रिटेलची रिटेलशी. एका कंपनीचं पत्रक आणि दुसरीची ‘वाहन’वरची नोंद शेजारी ठेवून निकाल लावू नका. एकाच कंपनीचे दोन्ही आकडे समोरासमोर ठेवणं मात्र उपयोगाचं असतं. सलग चार-सहा महिने डिस्पॅच रिटेलच्या वर राहिलं तर कुठेतरी स्टॉक साचतोय.

इथेही एक खाच आहे. २०२४-२५ मध्ये सियामच्या हिशेबानं देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या, फाडाच्या हिशेबानं सुमारे १ कोटी ८९ लाख. मधले सात लाख गोडाऊनमध्ये पडून आहेत असं समजून घाबरणारे लोक भेटतात. पण फाडाच्या या आकड्यांत तेलंगणा धरलेलं नव्हतं, कारण ते राज्य ‘वाहन’मध्ये नव्हतं. हैदराबादसारखं शहर ज्या बेरजेत नाही, तिथून थेट वजाबाकी करायची नसते.

२. एकूण आकडा फोडा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून बघू. बजाज आणि टीव्हीएस, वर्ष २०२४-२५.

पत्रकातले ठळक आकडे असे: टीव्हीएस सुमारे ४७.४ लाख, बजाज ऑटो सुमारे ४६.५ लाख. म्हणजे टीव्हीएस पुढे, विषय संपला? थांबा. आपल्याला मोटरसायकली हव्या आहेत.

टीव्हीएसच्या ४७.४ लाखांत मोटरसायकली सुमारे २१.९५ लाख. स्कूटर सुमारे १९ लाख. ज्युपिटर, एनटॉर्क आणि विजेवरची आयक्यूब त्यातच. पाच लाखांच्या आसपास मोपेड, म्हणजे आपली एक्सएल, जिच्यावर दुधाच्या किटल्यांपासून सिमेंटच्या पोत्यापर्यंत काहीही दिसतं. उरलेल्या सव्वा लाखाच्या वर तीनचाकी.

आता बजाज. ४६.५ लाखांतून सुमारे ६.७ लाख रिक्षा आणि मालवाहू तीनचाकी वगैरे बाजूला काढा. दुचाकी उरतात ३९.८ लाख. त्यात दोन लाखांच्या वर विजेवरच्या चेतक आहेत, कारण कंपनीनं २००९ मध्ये स्कूटर बंद करायचं ठरवलं आणि दहा वर्षांनी चेतक विजेवर परत आणली. त्या वजा केल्या तरी ३७ लाखांहून अधिक मोटरसायकली राहतात.

ठळक आकड्यात टीव्हीएस पुढे, मोटरसायकलींत बजाज दीडपटीहून जास्त पुढे. दोन्ही विधानं खरी.

अजून एक काप घ्यायचा आहे. बजाजच्या ३९.८ लाख दुचाकींपैकी १६.७ लाख निर्यातीच्या, म्हणजे शंभरातल्या बेचाळीस. वाळूजला बनलेली बॉक्सर नायजेरियात टॅक्सी म्हणून फिरते. आपल्या रस्त्यावर ती दिसत नाही, ‘वाहन’वरही नाही. म्हणून २०२३ मध्ये नायजेरियाचं चलन नायरा कोसळलं तेव्हा त्याचा फटका आकुर्डीच्या, म्हणजे बजाजच्या, विक्रीपत्रकात दिसला. पुणे-पिंपरीत कुणी त्यामुळे पल्सर घ्यायची थांबलं नव्हतं. निर्यात आणि चेतक काढल्यावर देशातल्या बजाज मोटरसायकली २१ लाखांच्या आसपास उरतात. टीव्हीएसच्या २१.९५ लाखांतूनही निर्यातीच्या वजा करायच्या आहेत, आणि त्या कंपनीची निर्यात बहुतांश मोटरसायकलींचीच आहे. तेव्हा देशातही मोटरसायकलींत बजाजच पुढे, पण फरक ३७ विरुद्ध २२ इतका नाही.

हीच फोड हिरो आणि होंडाला लावा. २०२४-२५ मध्ये हिरो मोटोकॉर्पनं निर्यातीसह सुमारे ५९ लाख दुचाकी विकल्या, होंडा मोटरसायकल अँड स्कूटर इंडियानं सुमारे ५८.३ लाख. १९८४ पासून एकत्र असलेल्या आणि २०१० च्या अखेरीस वेगळं व्हायचं ठरवलेल्या या दोघींतलं अंतर जेमतेम सव्वा टक्क्याच्या घरात आलं, म्हणून मथळे झाले. पण होंडाच्या आकड्यात ॲक्टिव्हाचा वाटा प्रचंड आहे आणि हिरोच्या आकड्यात स्प्लेंडर आणि एचएफ डिलक्सचा. फक्त मोटरसायकली घेतल्या तर ही चुरस उरतच नाही, हिरो खूप पुढे आहे.

करायचं काय? प्रत्येक कंपनीसाठी वहीत सहा रकाने आखा: मोटरसायकल देशात, मोटरसायकल निर्यात, स्कूटर देशात, स्कूटर निर्यात, मोपेड, तीनचाकी. पत्रकातून जो रकाना भरता येत नाही तो कोरा ठेवा. अंदाजानं भरलेला रकाना तीन महिन्यांनी खरा वाटायला लागतो.

३. आकडे कुठून काढायचे

शेअर बाजारात असलेल्या कंपन्यांची (हिरो, बजाज, टीव्हीएस, रॉयल एनफिल्डची मालक आयशर) मासिक पत्रकं बाजाराच्या संकेतस्थळावर मिळतात. बजाज देश-निर्यात आणि दुचाकी-व्यावसायिक अशी फोड देते, टीव्हीएस मोटरसायकल-स्कूटर वेगळे सांगते. होंडा, सुझुकी आणि यामाहा यांच्या भारतातल्या कंपन्या इथल्या बाजारात नोंदलेल्या नाहीत, त्यामुळे त्या जेवढं सांगतील तेवढंच. सगळ्यांचं एकत्र चित्र सियामच्या मासिक आणि तिमाही निवेदनात मिळतं. २०२४-२५ चं देशांतर्गत चित्र ढोबळ असं: मोटरसायकली १ कोटी २२ लाखांच्या वर, स्कूटर ६८ लाखांच्या वर, मोपेड ५ लाख. कोणताही वाटा काढताना तळाशी ठेवायचा आकडा इथून घ्या.

रिटेलसाठी ‘वाहन’चा डॅशबोर्ड सर्वांना खुला आहे, लॉगिन लागत नाही. उभ्या अक्षाला ‘मेकर’ निवडा, आडव्या अक्षाला ‘मंथ वाइज’. वर्षाचा प्रकार कॅलेंडर की आर्थिक ते ठरवा. जानेवारी-डिसेंबर आणि एप्रिल-मार्च यांची सरमिसळ ही नवख्यांची नेहमीची खोट. मग बाजूच्या चाळणीतून दुचाकी निवडून रिफ्रेश करा. राज्य आणि आरटीओही निवडता येतात, आणि खरी मजा तिथे आहे. कोल्हापूरचा एमएच ०९, बारामतीचा एमएच ४२ किंवा तुमचा जो असेल तो लावून बघा. देशात पहिली असलेली कंपनी तुमच्या तालुक्यात तिसरीही असू शकते. डीलरशिपचा विचार करणाऱ्यानं देशाचे आकडे एकदा बघावेत आणि आरटीओचे रोज.

‘वाहन’च्या तीन मर्यादा आधीच लिहून ठेवा. पहिली, तिथे मोटरसायकल आणि स्कूटर एकाच वर्गात येतात, त्यामुळे फक्त मोटरसायकलीची तुलना त्यावरून होत नाही. दुसरी, एकाच घराण्याची नावं वेगळी दिसतात: बजाज ऑटो एका ओळीत आणि चेतक टेक्नॉलॉजी दुसऱ्या ओळीत. बेरीज विसरलात तर बजाज उगाच लहान दिसेल. तिसरी, हा डॅशबोर्ड जिवंत आहे. आज घेतलेला मागच्या महिन्याचा आकडा पुढच्या आठवड्यात थोडा वाढलेला दिसेल. कधी बघितलं ती तारीख आकड्याशेजारी लिहायची सवय लावा.

आणि भागीदारीतल्या गाड्या. केटीएमची छोटी मॉडेलं चाकणला बनतात आणि बजाजच्या बेरजेत असतात. ऑस्ट्रियातली केटीएमही आपल्या जागतिक आकड्यात त्या धरत आली आहे. दोघांची बेरीज केलीत तर एक गाडी दोनदा मोजाल. ट्रायम्फची ४०० ही बजाजकडे बनते, हार्लेची एक्स ४४० हिरोकडे. टाकीवरचं नाव एक आणि विकणारा दुसरा असेल तिथे आकडा कुणाच्या खात्यात टाकला ते तळटीपेत बघा.

४. महिना बघू नका, पंचांग बघा

आपल्याकडे गाडी मुहूर्तावर उचलली जाते. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला. म्हणजे महाराष्ट्रातल्या शोरूममध्ये पाडव्याच्या डिलिव्हरीची जी रांग लागते ती एका वर्षी एप्रिलमध्ये मोजली गेली आणि दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये, चक्क मागच्या आर्थिक वर्षात. मग महाराष्ट्राच्या एप्रिल २०२५ ची तुलना एप्रिल २०२४ शी करून काय हाती लागणार? पितृपक्षाचंही तेच. त्या पंधरवड्यात शोरूमचा पोरगा मोबाइल बघत बसलेला असतो, कंपनी कोणतीही असो.

सगळ्यात बोलकं उदाहरण २०२५ च्या सणांचं. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी जीएसटी कमी करण्याचं सूतोवाच केलं, ३ सप्टेंबरला परिषदेचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दहा टक्के कर उतरणार हे कळल्यावर मधल्या काळात गाडी कोण घेणार? त्यात पितृपक्ष. २२ लाच नवरात्र बसलं आणि साठलेली मागणी एकदम बाहेर पडली. शिवाय दसरा २ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ला, दोन्ही एकाच महिन्यात. आदल्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. फाडाच्या आकड्यांत त्या ऑक्टोबरला देशात ३१ लाखांहून अधिक दुचाकींची नोंदणी झाली.

आता याच महिन्यांतला हिरोचा डिस्पॅच बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये सुमारे ६.८७ लाख (आदल्या वर्षी ६.३७). ऑक्टोबरमध्ये ६.३६ लाख (आदल्या वर्षी ६.७९). नोव्हेंबरमध्ये ६.०४ लाख (आदल्या वर्षी ४.६०). ऑक्टोबर एकटा घेतला तर सहा टक्क्यांची घट, नोव्हेंबर एकटा घेतला तर एकतीस टक्क्यांची वाढ. आणि जो ऑक्टोबर घसरलेला दिसतो, त्याच महिन्यात हिरोच्या गाड्यांची नोंदणी दहा लाखांच्या जवळ गेली होती. सुरुवातीच्या भांडणातले दोघेही बरोबर होते ते असे. माल आधीच डीलरांकडे जाऊन उभा होता, तो ऑक्टोबरमध्ये उठला. तिन्ही महिने एकत्र केले की २०२४ चे सुमारे १७.८ लाख आणि २०२५ चे सुमारे १९.३ लाख, म्हणजे साडेआठ टक्के वाढ. माझ्या मते भरवसा ठेवावा असा आकडा हाच. सणाच्या काळात सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबर हे एकच पोतं समजून तोलायचं, आणि पाडव्यासाठी मार्च-एप्रिल जोडीनं.

काही महिने तर तुलनेतून काढूनच टाकावेत. मार्च २०१७: सर्वोच्च न्यायालयानं २९ तारखेला निकाल दिला की १ एप्रिलपासून बीएस-३ (प्रदूषणाच्या जुन्या निकषाच्या) गाड्या विकता येणार नाहीत, आणि कंपन्यांकडे-डीलरांकडे मिळून पावणेसात लाखांच्या आसपास अशा दुचाकी पडून होत्या. शेवटच्या दोन दिवसांत हजारोंची सूट देऊन त्या काढल्या गेल्या. एप्रिल २०२०: टाळेबंदी, देशातली विक्री जवळपास शून्य. त्या एप्रिलवर काढलेली ‘अमुक हजार टक्के वाढ’ हा विनोद आहे, तो मोठ्या गंभीरपणे छापला गेला होता. लांबचं बघायचं असेल तर २०१८-१९ हा पाया धरा. त्या वर्षी देशात सुमारे २ कोटी १२ लाख दुचाकी गेल्या होत्या, आणि २०२४-२५ ही त्या पातळीला पोचलं नाही.

५. वाढ वेगळी, वाटा वेगळा

हिरोची देशांतर्गत विक्री २०२३-२४ मध्ये सुमारे ५४.२ लाख होती, २०२४-२५ मध्ये ५६.१ लाख झाली. साडेतीन टक्के वाढ. पत्रकात ती अभिमानानं सांगितली जाते आणि त्यात खोटं काही नाही. पण त्याच वर्षी देशातला दुचाकी बाजार सुमारे १ कोटी ८० लाखांवरून १ कोटी ९६ लाखांवर गेला, म्हणजे नऊ टक्के वाढला. भागाकार करा: वाटा ३०.२ वरून २८.६ टक्क्यांवर आला. गाड्या जास्त विकूनही जागा गमावली. वाटा काढताना वर देशातला आकडा आणि खाली निर्यातीसह बाजार, असं होऊ देऊ नका. ही चूक छापील बातम्यांतही सापडते.

६. सीसीच्या रेषा

कंपनी ‘आम्ही पहिल्या’ म्हणाली की कशात पहिल्या ते वाचा. सियाम गाड्यांचे गट सीसीवरून पाडते: १२५ ते १५०, १५० ते २००, २५० ते ३५० असे. आता पल्सर १५० भरते १४९.५ सीसी आणि अपाची आरटीआर १६० जाते वरच्या गटात. शोरूममध्ये एकच पोरगा या दोन गाड्यांत घोळत असतो, तक्त्यात त्या एकमेकींना भेटतही नाहीत. म्हणून या दोघींची तुलना करायची तर १२५ ते २०० असा सलग पट्टा घ्या.

मॉडेलच्या यादीतही तसंच. ‘पल्सर’ हे १२५ पासून ४०० पर्यंतच्या गाड्यांचं आडनाव आहे, ‘शाइन’मध्ये १०० आणि १२५ दोन्ही येतात. रॉयल एनफिल्डचं मात्र बरंचसं ३५० च्या एका गटात सामावतं. २०२४-२५ मध्ये तिनं पहिल्यांदा दहा लाखांचा टप्पा ओलांडला, त्यातल्या नऊ लाख गाड्या देशात. एकूण यादीत ती खाली दिसते, तिच्या गटात तिला तोलामोलाचा कुणी नाही.

७. नग मोजून झाल्यावर पैसे

तिमाही निकाल आले की आणखी एक रकाना जोडा. २०२४-२५ मध्ये सुमारे ५९ लाख गाड्या विकणाऱ्या हिरोचं स्वतंत्र (उपकंपन्या न धरता) उत्पन्न सुमारे ४०,७५६ कोटी रुपये होतं. ४६.५ लाख विकणाऱ्या बजाजचं ५०,००० कोटींच्या वर. भागून पाहिलं तर हिरोला दर गाडीमागे सुमारे ६९ हजार, बजाजला सुमारे १ लाख ७ हजार. यावरून बजाजच्या मोटरसायकली दीडपट महाग असं मात्र म्हणू नका: त्या ४६.५ लाखांत दुचाकीहून कितीतरी महाग अशा ६.७ लाख तीनचाकी आहेत, आणि दोघांच्याही उत्पन्नात सुटे भाग आहेत. या भागाकाराचा उपयोग एका कंपनीची तिच्याच मागच्या वर्षाशी तुलना करायला जास्त चांगला होतो. नग तेवढेच राहून दर गाडीमागचे पैसे वाढले, तर गिऱ्हाईक १०० सीसीवरून १२५ कडे सरकतंय का, हे बघायला पुन्हा सहाव्या पायरीतले गट उघडा.